प्रादेशिक कर्करोग केंद्र उभे करायचे म्हणजे नेमके काय करायचे?

एखाद्या प्रदेशासाठी मोठे कर्करोग केंद्र होणार असे जाहीर झाले, की पहिली विचारणा खाटांची होते. किती खाटांचे रुग्णालय, किती मजल्यांची इमारत, किती एकर जागा. रुग्णालयाचा आकार आपण वर्षानुवर्षे खाटांनीच मोजत आलो असल्यामुळे हे स्वाभाविक आहे. पण कर्करोगाच्या बाबतीत हे माप फारसे कामाचे नाही. स्तनाचा कर्करोग थोड्या पुढच्या अवस्थेत सापडलेल्या एका स्त्रीचे उपचार डोळ्यांसमोर आणून पाहा. तपासणी, मॅमोग्राफी, गाठीतून सुईने काढलेला तुकडा, त्याचा अहवाल, मग छाती-पोटाचा स्कॅन, त्यानंतर बहुधा दर तीन आठवड्यांनी एक याप्रमाणे केमोथेरपीची सहा ते आठ आवर्तने आणि प्रत्येक आवर्तनाआधी रक्ततपासणी, मग शस्त्रक्रिया, मग तीन आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, किरणोपचार, गाठीच्या पेशींवर ‘हर-२’ नावाचे प्रथिन जास्त असेल तर वर्षभर त्याविरुद्धचे इंजेक्शन, आणि गाठ संप्रेरकांवर वाढणारी असेल तर पाच ते दहा वर्षे रोजची गोळी. पहिल्या वर्षातच चाळीस-पन्नास फेऱ्या होतात आणि त्यांतल्या जेमतेम काही दिवसांसाठी तिला खाट लागते.

केंद्राचे नियोजन म्हणजे मुख्यतः या फेऱ्यांचे नियोजन. एखादे केंद्र जागतिक दर्जाचे आहे की नाही हे ठरवायला मला एकच आकडा मागण्याची मुभा मिळाली, तर मी असे विचारेन की शंभर रुग्णांनी उपचार सुरू केले असतील, तर त्यांतल्या किती जणांनी ते ठरल्याप्रमाणे आणि ठरल्या वेळेत पूर्ण केले. या आकड्याला एवढे महत्त्व देण्याचे कारण आहे. लहान मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगात, म्हणजे तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात, सधन देशांत दहांपैकी नऊ मुले बरी होतात. तीच औषधे माहीत असलेल्या इतर अनेक ठिकाणी हे प्रमाण बरेच खाली राहते आणि त्यामागच्या मोठ्या कारणांपैकी एक म्हणजे दोन-अडीच वर्षे चालणारे उपचार कुटुंबाला मध्येच सोडावे लागतात. वेळेचेही तसेच आहे. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका मोठ्या विश्लेषणानुसार, अनेक प्रकारच्या कर्करोगांत उपचाराला दर चार आठवड्यांचा उशीर झाला की मृत्यूचा धोका सुमारे ६ ते १३ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे पॅथॉलॉजीचा अहवाल तीन आठवडे अडकणे किंवा किरणोपचाराच्या यंत्रासाठी दोन महिने थांबावे लागणे ही नुसती गैरसोय नसते. तिची किंमत आयुष्यात मोजली जाते.

आधी मोजणी

नियोजनाची सुरुवात आपल्या प्रदेशात कोणता कर्करोग किती लोकांना, कोणत्या वयात आणि कोणत्या अवस्थेत होतो हे कळण्यापासून होते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगभरात सुमारे दोन कोटी लोकांना नव्याने कर्करोग झाला आणि सुमारे ९७ लाख लोकांचा त्याने मृत्यू झाला. परंतु असा जागतिक आकडा एका प्रदेशाच्या नियोजनाला पुरत नाही. एखाद्या भागात तोंडाचा कर्करोग जास्त असतो, दुसऱ्या भागात जठराचा, तिसऱ्या भागात गर्भाशयमुखाचा. आणि पहिल्या भागाला जबडा व चेहऱ्याची पुनर्रचना करणारे शल्यविशारद लागतात, दुसऱ्याला दुर्बिणीने जठर तपासणारे तज्ज्ञ, तर तिसऱ्याला शरीराच्या आतून किरणोपचार देण्याची, म्हणजे ब्रॅकिथेरपीची, व्यवस्था.

ही माहिती लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणीतून मिळते. रुग्णालयाची नोंदवही आणि ही नोंदणी यांत एक मूलभूत फरक आहे. रुग्णालयाच्या वहीत फक्त तिथवर पोहोचलेले रुग्ण दिसतात. लोकसंख्याधारित नोंदणी ठरावीक भूभागात राहणाऱ्या प्रत्येक माणसाचा हिशेब ठेवते, मग तो कुठेही उपचार घेवो किंवा कुठेच न घेवो. डेन्मार्कने १९४२ मध्ये संपूर्ण देशासाठी अशी नोंदणी सुरू केली. ग्रामीण भागातले एक फार मोलाचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. बार्शी परिसरात १९८७ मध्ये ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, तेव्हा रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट न पाहता कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन लोकांशी बोलायचे, लक्षणांची माहिती द्यायची आणि संशयित रुग्णांना तपासणीसाठी आणायचे अशी पद्धत घालून दिली गेली. जिथे लोक दवाखान्यापर्यंत येतच नाहीत, तिथे खरा आकडा मिळवण्याचा याहून सरळ मार्ग मला माहीत नाही. केंद्राच्या इमारतीचा पाया खणण्याआधी निदान तीन-चार वर्षे अशी नोंदणी चालू असावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ती नसेल तर पुढचे सगळे आराखडे अंदाजावर उभे राहतात.

आकडे हाती आले की त्यांतून गरज कशी काढतात, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा प्रदेशाची लोकसंख्या एक कोटी आहे आणि दर लाख लोकांमागे वर्षाला शंभर जणांना नव्याने कर्करोग होतो. म्हणजे वर्षाला दहा हजार नवे रुग्ण. जगभरच्या अभ्यासांनुसार सुमारे निम्म्या रुग्णांना आजारपणात कधी ना कधी किरणोपचार लागतात. म्हणजे पाच हजार. त्यांतल्या काहींना पुन्हा लागतात, म्हणून सहा हजार धरू. आता यंत्राकडे वळू. एक यंत्र दिवसाला दहा तास चालले आणि प्रत्येक रुग्णाला सरासरी पंधरा मिनिटे लागली, तर दिवसाला चाळीस जणांना उपचार मिळतात. वर्षाचे २५० कामाचे दिवस धरले तर दहा हजार सत्रे होतात. एका रुग्णाला सरासरी वीस सत्रे लागत असतील, तर एक यंत्र वर्षाला पाचशे रुग्ण सांभाळते. म्हणजे सहा हजार रुग्णांना बारा यंत्रे हवीत.

या गणितात ‘सरासरी वीस सत्रे’ हा आकडा निसर्गाने दिलेला नाही. तो वैद्यकीय संशोधनातून ठरतो आणि बदलतो. स्तनाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर पूर्वी पाच आठवडे, पंचवीस सत्रांत किरणोपचार दिले जात. इंग्लंड आणि कॅनडातल्या मोठ्या चाचण्यांनी दाखवले की दर सत्राची मात्रा थोडी वाढवून तीन आठवड्यांत पंधरा-सोळा सत्रे दिली तरी परिणाम तितकाच चांगला मिळतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फास्ट-फॉरवर्ड’ चाचणीने तर काही रुग्णांसाठी एका आठवड्यातली पाच सत्रे पुरेशी ठरतात असे दाखवले. सरासरी पंचवीसवरून पंधरावर आली, तर तेच यंत्र वर्षाला चारशेऐवजी साडेसहाशेहून अधिक रुग्ण सांभाळू शकते. रुग्णाच्या दृष्टीने तर पाच आठवडे परक्या गावी राहणे आणि एक आठवडा राहणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. केंद्रातच संशोधन का व्हायला हवे, याचे हे मला सर्वांत पटणारे उत्तर आहे, कारण एक चांगली चाचणी अनेक नव्या यंत्रांचे काम करून जाते.

भिंती आणि अर्धायुष्ये

कर्करोग केंद्राची इमारत इतर रुग्णालयांसारखी नंतर वाढवता येत नाही, कारण तिच्या काही खोल्यांचे आकार भौतिकशास्त्र ठरवते. किरणोपचाराचे आजचे मुख्य यंत्र म्हणजे लिनिअर ॲक्सिलरेटर, ज्याला सगळे ‘लिनॅक’ म्हणतात. ते विजेच्या साहाय्याने इलेक्ट्रॉनांना प्रचंड वेग देते, ते इलेक्ट्रॉन धातूच्या लक्ष्यावर आदळवते आणि त्यातून निघणारे तीव्र क्ष-किरण गाठीवर रोखते. हे किरण खोलीबाहेर जाऊ नयेत म्हणून झोत ज्या भिंतीवर पडतो ती भिंत काँक्रीटची आणि बऱ्याचदा दोन मीटर किंवा त्याहून जाड असते. यंत्राची ऊर्जा दहा मेगाव्होल्टच्या वर गेली की न्यूट्रॉनही निर्माण होतात आणि दारासाठी वेगळे संरक्षण करावे लागते. अशा खोलीला बंकर म्हणतात. तो जमिनीलगत किंवा तळघरात बांधणे सोयीचे पडते आणि चालू रुग्णालयाला तो मागाहून जोडणे फार जिकिरीचे असते. म्हणून जाणते नियोजनकार सुरुवातीला तीन यंत्रे घेणार असले तरी चार किंवा पाच बंकर बांधून ठेवतात. रिकामा बंकर हा अपव्यय वाटतो, पण दहा-बारा वर्षांनी जुने यंत्र बदलायची वेळ येते तेव्हा नवे यंत्र त्या रिकाम्या बंकरमध्ये बसवता येते आणि एकाही रुग्णाचे सत्र चुकत नाही.

लिनॅकऐवजी कोबाल्ट-६० या किरणोत्सारी मूलद्रव्यावर चालणारे यंत्रही असते. त्याला वीज आणि देखभाल कमी लागते, म्हणून वीजपुरवठा बेभरवशाचा असलेल्या भागात ते अजूनही उपयोगी आहे. पण कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य सव्वापाच वर्षांचे आहे, म्हणजे एवढ्या काळात त्याची तीव्रता निम्मी होते. जो उपचार सुरुवातीला दोन मिनिटांत होतो त्याला नंतर चार मिनिटे लागतात आणि ठरावीक वर्षांनी नवा स्रोत आणावाच लागतो. हा खर्च आणि जुन्या स्रोताच्या सुरक्षित विल्हेवाटीची सोय पहिल्या दिवसापासून आराखड्यात असावी लागते.

अर्धायुष्याचा हा हिशेब केंद्राच्या आणखी दोन विभागांची जागा ठरवतो. पेट स्कॅनसाठी, म्हणजे रोग शरीरात कुठे आहे हे किरणोत्सारी द्रव्याच्या मदतीने दाखवणाऱ्या चित्रणासाठी, लागणाऱ्या द्रव्यात फ्लोरिन-१८ असते आणि त्याचे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटे असते. ते जिथे सायक्लोट्रॉनमध्ये, म्हणजे कणांना वेग देणाऱ्या यंत्रात, तयार होते तिथून केंद्रापर्यंत साडेपाच तास लागले, तर पोहोचेपर्यंत त्याचा आठवा हिस्साच उरतो. म्हणून पेट स्कॅनचे यंत्र घेण्याआधी सायक्लोट्रॉन किती तासांच्या अंतरावर आहे हे पाहावे लागते. थायरॉइडच्या कर्करोगात आयोडीन-१३१ दिले जाते, त्याचे अर्धायुष्य आठ दिवसांचे असते. हे औषध घेतलेल्या रुग्णाच्या लघवीतून किरणोत्सार बाहेर पडतो, त्यामुळे त्या खोल्यांचे सांडपाणी वेगळ्या टाक्यांत साठवून, किरणोत्सार सुरक्षित पातळीपर्यंत उतरल्यावरच सोडायचे असते. दहा अर्धायुष्यांनी, म्हणजे ऐंशी दिवसांनी, मूळच्या किरणोत्साराचा हजारावा भागच राहतो. त्या टाक्यांची जागा वास्तुरचनाकाराच्या पहिल्या नकाशात नसेल, तर ती नंतर सापडत नाही.

प्रोटॉन उपचाराविषयीही येथेच बोललेले बरे, कारण ‘जागतिक दर्जा’ म्हटले की अनेकांच्या मनात तेच यंत्र येते. प्रोटॉन शरीरात ठरावीक खोलीवर जाऊन आपली बहुतेक ऊर्जा सोडतात आणि पुढच्या निरोगी भागाला जवळपास इजा करत नाहीत. लहान मुलांच्या मेंदूतील गाठी, कवटीच्या तळाशी असलेल्या गाठी अशा ठिकाणी त्याचा खरा लाभ आहे. पण या यंत्रणेला लागणारी जागा, पैसा आणि तज्ज्ञ नेहमीच्या लिनॅकच्या कितीतरी पट असतात, आणि त्याची निर्विवाद गरज असलेले रुग्ण थोडे असतात. जिथे साध्या किरणोपचारासाठीच रुग्ण रांगेत थांबले आहेत, तिथे आधी ती रांग संपवणे मला जास्त न्याय्य वाटते.

फॉर्मालिनची बरणी

कर्करोग केंद्राचा सर्वांत कमी दिसणारा आणि सर्वांत निर्णायक विभाग पॅथॉलॉजीचा. शल्यविशारद, किरणोपचार देणारे डॉक्टर, औषधे देणारे डॉक्टर हे सारे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या त्या तुकड्याच्या अहवालावर चालतात. गाठ कर्करोगाचीच आहे का, कोणत्या प्रकारची आहे, तिच्यावर संप्रेरकांचे ग्राहक, म्हणजे संप्रेरकांना पकडणारी प्रथिने, आहेत का, तिच्या जनुकांत कोणता बदल झाला आहे, यांवरून औषध ठरते. निदान चुकले तर पुढचे सगळे उपचार कितीही कुशलतेने केले तरी चुकीच्या रोगाचे होतात.

आणि निदानाचा पाया एका साध्या बरणीत असतो. शरीरातून काढलेला तुकडा तासाभरात दहा टक्के बफरयुक्त फॉर्मालिनमध्ये, म्हणजे तो टिकवणाऱ्या द्रावणात, जायला हवा. स्तनाच्या गाठीतील संप्रेरक-ग्राहक आणि हर-२ यांच्या चाचण्यांसाठी तो त्यात किमान सहा आणि जास्तीत जास्त बहात्तर तास राहावा, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. दूरच्या छोट्या दवाखान्यात तुकडा काढला, शस्त्रक्रियागृहात फॉर्मालिन नव्हते म्हणून तो सलाइनमध्ये ठेवला, दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, तिसऱ्या दिवशी तो केंद्राकडे निघाला. अशा तुकड्यावर केंद्रातली कितीही महागडी जनुकीय तपासणी केली तरी उत्तर विश्वासार्ह येत नाही. म्हणून प्रादेशिक केंद्राने आपल्या चार भिंतींबाहेर करायच्या पहिल्या कामांत, प्रदेशातल्या प्रत्येक शस्त्रक्रियागृहाला बरणी, द्रावण, लेबल आणि तुकडा पोहोचवणारी वाहतूक पुरवणे हे काम असले पाहिजे. काचपट्ट्यांचे अंकीय चित्रण करून दूरच्या तज्ज्ञाला पडद्यावर दाखवण्याची सोय आता झाली आहे आणि ती उत्तम आहे. मात्र तुकडा नीट ठेवला नसेल, तर पडद्यावरही तोच दोष दिसतो.

काय एकवटायचे, काय पसरायचे

प्रादेशिक केंद्र या कल्पनेतला सर्वांत अवघड निर्णय हा आहे. सगळे एकाच ठिकाणी आणले तर दर्जा राखता येतो, पण रुग्ण दूर पडतो. सगळे गावोगाव नेले तर रुग्ण जवळ राहतो, पण दर्जा विरतो. उत्तर उपचारागणिक वेगळे आहे.

स्वादुपिंड किंवा अन्ननलिकेची शस्त्रक्रिया वर्षाला दोन-तीनच करणाऱ्या रुग्णालयांत मृत्यूचे प्रमाण भरपूर शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयांपेक्षा पुष्कळ जास्त असते, हे २००२ साली अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने आणि नंतरच्या अनेक अभ्यासांनी दाखवले आहे. यात केवळ शल्यविशारदाचा हात नसतो. शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशी ताप आला तर तो कशाचा हे ओळखणारी परिचारिका, रात्री दोन वाजता रक्तस्राव थांबवू शकणारा रेडिओलॉजिस्ट, सज्ज अतिदक्षता विभाग हे सगळे अशा शस्त्रक्रिया वारंवार होतात तिथेच घडतात. म्हणून अशा शस्त्रक्रिया, अस्थिमज्जा प्रत्यारोपण, लहान मुलांचे कर्करोग, हाडांच्या गाठी आणि दुर्मीळ कर्करोग केंद्रातच असावेत. याउलट ठरलेल्या केमोथेरपीची बहुतेक आवर्तने, रक्ततपासण्या, जखमेचे ड्रेसिंग, वेदनाशमन आणि नंतरची नियमित तपासणी रुग्णाच्या जवळच्या जिल्हा रुग्णालयात होऊ शकते. मात्र औषधे मिसळण्याची सुरक्षित पेटी, प्रशिक्षित परिचारिका आणि ताप आल्यास तासाभरात प्रतिजैविक सुरू करण्याची तयारी तिथे असायला हवी. केमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशी घसरलेल्या असताना आलेला ताप ही तातडीची स्थिती असते आणि तेव्हा रुग्णाला पाच तासांचा प्रवास करायला सांगणे धोक्याचे असते. किरणोपचार या दोहोंच्या मध्ये येतात: गुंतागुंतीचे केंद्रात, नेहमीचे दोन-तीन उपकेंद्रांत, पण प्रत्येक रुग्णाचा आराखडा केंद्राच्या भौतिकतज्ज्ञांनी पाहिलेला.

या सगळ्याला जोडणारा धागा म्हणजे ट्यूमर बोर्ड. शल्यविशारद, औषधोपचार आणि किरणोपचार देणारे डॉक्टर, पॅथॉलॉजिस्ट, रेडिओलॉजिस्ट आणि परिचारिका एकत्र बसून एकेका रुग्णाचा निर्णय घेतात. रुग्ण आधी ज्याच्याकडे गेला त्याच्याच विषयाचा उपचार त्याला मिळू नये, यासाठी ही पद्धत आहे. जिल्ह्यातला डॉक्टर दूरदृश्य प्रणालीवरून त्यात सहभागी झाला, तर उपचार जिल्ह्यात होऊनही निर्णय केंद्राच्या दर्जाचा राहतो. माझ्या मते प्रादेशिक केंद्राची हीच खरी व्याख्या आहे: प्रदेशातल्या कोणत्याही रुग्णाचा निर्णय केंद्राच्या टेबलावर होतो, मग सलाइन कुठेही लागो.

केंद्रात यावेच लागणाऱ्या रुग्णांसाठी निवासाची सोय हा दयाधर्माचा भाग समजला जातो आणि देणगीदारांवर सोडला जातो. ते चुकीचे आहे. पंधरा दिवस रोज किरणोपचार घेणारा माणूस आणि त्याच्यासोबतचा नातेवाईक कुठे झोपणार, कुठे जेवणार हे ठरलेले नसेल, तर बंकर कितीही उत्तम असो, दहाव्या दिवशी तो माणूस घरी निघून जातो. लिनॅकच्या संख्येवरून निवासाच्या खोल्यांची संख्या काढता येते आणि ती त्याच आराखड्यात, त्याच अंदाजपत्रकात यायला हवी.

संशोधन कशाला म्हणायचे

आवाराच्या एका टोकाला प्रयोगशाळेची वेगळी इमारत आणि दुसऱ्या टोकाला रुग्णालय अशी रचना पुष्कळ ठिकाणी दिसते. दोन्हीकडचे लोक मग कधी भेटत नाहीत. कर्करोग संशोधनाचे ढोबळमानाने तीन थर आहेत: पेशी आणि जनुकांचा प्रयोगशाळेतला अभ्यास, रुग्णांवरील उपचारांच्या चाचण्या, आणि समाजात कर्करोग कसा टाळता किंवा लवकर शोधता येईल याचा अभ्यास. अमेरिकेत १९७१ च्या राष्ट्रीय कर्करोग कायद्यानंतर उभ्या राहिलेल्या ‘सर्वंकष’ केंद्रांकडून या तिन्ही थरांवरच्या कामाची अपेक्षा असते.

नव्या प्रादेशिक केंद्राने सुरुवात मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या थरापासून करावी असे मला वाटते, कारण तिथे त्याच्याकडे जे आहे ते जगात फार थोड्यांकडे असते: एकाच प्रकारच्या आजाराचे हजारो रुग्ण आणि त्यांच्याविषयीचे न सुटलेले, रोजचे प्रश्न. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे काम या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. तोंडाच्या सुरुवातीच्या कर्करोगात मानेतल्या लसिका ग्रंथी मूळ शस्त्रक्रियेतच काढाव्यात, की पुढे त्यांत रोग दिसला तर काढाव्यात, हा जुना वाद होता. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत आधीच ग्रंथी काढलेल्या रुग्णांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते, तर वाट पाहिलेल्या गटात ६७.५ टक्के. यात नवे औषध नव्हते, नवे यंत्र नव्हते. होता तो नीट विचारलेला प्रश्न. स्तनाच्या गाठीभोवती शस्त्रक्रियेच्या थोडेच आधी साधे भुलीचे औषध, लिडोकेन, टोचल्यास पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेले, असे सुमारे १,६०० स्त्रियांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत मुंबईच्या वस्त्यांमधील सुमारे दीड लाख स्त्रियांच्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी सौम्य ॲसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी केलेल्या तपासणीमुळे त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे दिसले.

अशा चाचण्यांना इमारतीपेक्षा काही न दिसणाऱ्या गोष्टी लागतात. स्वतंत्र विचाराची नीतिमत्ता समिती लागते, जी रुग्णाच्या बाजूने नाही म्हणू शकेल. संख्याशास्त्रज्ञ लागतात, आणि ते चाचणी संपल्यावर नव्हे तर ती आखतानाच लागतात. प्रत्येक रुग्णाची माहिती एकाच पद्धतीने भरणारे कर्मचारी लागतात. डॉक्टरांच्या आठवड्यातला ठरावीक वेळ संशोधनासाठी राखून ठेवावा लागतो. रोज शंभर रुग्ण पाहणारा डॉक्टर रात्री घरी बसून संशोधन करील ही अपेक्षा कुणालाच न्याय देत नाही. ऊतींचा साठा, म्हणजे बायोबँक, उणे ८० अंशांच्या शीतकपाटांत किंवा उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवता येतो. पण प्रत्येक नमुन्यासोबत रुग्णाची संमती आणि पुढे त्याचे काय झाले याची नोंद नसेल, तर त्या नमुन्यापासून फारसे काही शिकता येत नाही.

माणसे, औषधे आणि वेदना

यंत्र दीड वर्षात येते, माणूस घडायला दहा वर्षे लागतात. लिनॅक बसवल्यावर त्याची मोजमापे घेऊन ते उपचारायोग्य आहे असे ठरवणारे वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ, केमोथेरपीत मुरलेल्या परिचारिका, पोटावर पिशवी लावलेल्या रुग्णाला ती सांभाळायला शिकवणारे तज्ज्ञ, स्वरयंत्र काढलेल्या माणसाला पुन्हा बोलते करणारे वाचोपचारतज्ज्ञ यांची यादी करून त्यांचे प्रशिक्षण बांधकामाच्या बरेच आधी सुरू करावे लागते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यांनी २०२२ मध्ये कर्करोग केंद्र उभारणीची जी चौकट प्रसिद्ध केली, तिच्यात सेवांबरोबर मनुष्यबळाचाही तपशीलवार विचार आहे आणि कोणत्याही नियोजन गटाने ती समोर ठेवूनच काम करावे.

पैशाच्या बाजूने एवढेच सांगतो की देणग्या आणि अनुदाने बांधकामाला सहज मिळतात. पगार, औषधे, यंत्रांची देखभाल आणि वीज यांना मिळत नाहीत, आणि काही वर्षांतच हा चालू खर्च बांधकामाच्या खर्चाला मागे टाकतो. चालू खर्चाची दहा वर्षांची हमी नसेल तर केंद्र लहान बांधावे. औषधांच्या बाबतीतही संशोधन मदतीला येते: डोके-मानेच्या पुढे गेलेल्या कर्करोगात निव्होलुमॅब हे महागडे औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी प्रमाणात, इतर औषधांच्या जोडीला दिल्यावर, वर्षभरानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेल्याचे भारतातल्याच एका चाचणीत दिसले.

उपशामक सेवेला आराखड्यात बहुधा शेवटची जागा मिळते, आणि याची मला मनापासून खंत वाटते. ही सेवा म्हणजे उपचार थांबल्यानंतरची सोबत, असा समज आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोस्टनमधल्या एका चाचणीत, फुप्फुसाचा पसरलेला कर्करोग झालेल्या ज्या रुग्णांना निदानापासूनच नेहमीच्या उपचारांबरोबर ही सेवा मिळाली, त्यांच्यापैकी निम्मे ११.६ महिन्यांहून अधिक जगले, तर इतरांपैकी निम्मे ८.९ महिन्यांहून अधिक. ही सेवा मिळालेल्यांचे मनोबल चांगले होते आणि अखेरच्या काळातले निष्फळ, आक्रमक उपचारही त्यांच्यावर कमी झाले. या सेवेला मोठे यंत्र लागत नाही. तोंडाने घ्यायचे मॉर्फिन, ते साठवण्याचा परवाना, ते निर्धास्तपणे लिहून देणारा डॉक्टर आणि घरी जाणारी परिचारिका लागते. म्हणून केंद्राचा पहिला टप्पा सुरू होतो तेव्हा, म्हणजे लिनॅक यायला अजून दोन वर्षे असतात तेव्हाही, बाह्यरुग्ण विभाग, पॅथॉलॉजी, केमोथेरपीचा डे-केअर आणि उपशामक सेवा एवढे चालू होऊ शकते आणि व्हायला हवे.

त्या पहिल्या टप्प्यातच आणखी एक टेबल मांडायचे असते. त्याला फारशी जागा लागत नाही: एक संगणक, एक दूरध्वनी आणि स्थानिक बोली बोलणारी एक प्रशिक्षित व्यक्ती. काल ज्यांची वेळ होती आणि जे आले नाहीत त्यांची यादी रोज सकाळी तिच्यासमोर येते. ती एकेकाला फोन करते आणि का आला नाहीत ते विचारते. कुणाचे प्रवासभाडे संपलेले असते, कुणाला ताप आलेला असतो, कुणाला वाटलेले असते की गाठ बसली म्हणजे रोग गेला, कुणाच्या घरी मुलांना सांभाळायला कुणी नसते. प्रत्येक कारणापुढे ते सोडवणाऱ्या माणसाचे नाव लिहिले जाते, आणि संध्याकाळी ती यादी केंद्राच्या संचालकांच्या टेबलावर जाते.